महिन्याचे पिल्लू रात्रभर रडते, पातळ हगते, लेकरांना चावते : ठेवावे की परत द्यावे?

पांढरकवडा भागातील एका ताईंनी विचारले आहे की, यजमानांनी आठवडाभरापूर्वी सोयऱ्यांच्या गावाहून कुत्रीचे एक पिल्लू थैलीत घालून आणले. ते महिनाभराचे असावे, असे सोयरे सांगतात. ते रात्रभर रडते, गाईचे दूध पाजले की पातळ हगते आणि दिवसा दोन्ही लेकरांच्या पायांना दात लावते. सासरे म्हणतात की आतापासूनच शेतावर बांधा, म्हणजे कणखर होईल आणि रोही-रानडुकरांपासून तूर राखील. शेजारच्या आजी म्हणतात की कुत्रे रात्री रडणे घराला चांगले नाही, परत देऊन टाका. पिल्लातच काही दोष आहे काय, की आमचे काही चुकते आहे, असा ताईंचा प्रश्न आहे.

ताई, मी तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यक म्हणून काम करतो. दवाखान्यात येतात ती मुख्यतः गाई-बैल आणि शेळ्या, परंतु आपल्याकडे गावकुत्र्या बहुतेक पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात वितात, त्यामुळे कापूस वेचणीच्या दिवसांत तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणारी माणसेही बरीच असतात. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी मी एकाच कारणाच्या तीन बाजू मानतो. पिल्लू आईपासून लवकर तुटले आहे. आईजवळ त्याला ऊब, दूध आणि भावंडांशी खेळताना किती जोराने चावायचे याचा धडा, हे तिन्ही मिळत होते आणि ते एका दिवसात बंद झाले. पिल्लू आईपासून वेगळे करण्याचे योग्य वय साधारण आठ आठवडे आहे. म्हणजे दोष पिल्लाचा नाही, आणि आणून झालेल्या गोष्टीबद्दल यजमानांशी भांडण्यातही अर्थ नाही. मधले तीन-चार आठवडे आईचे काम घराने कसे करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

सर्वांत आधी वय ताडून पाहावे, कारण गावात कोणत्याही पिल्लाला महिन्याचे म्हणण्याची पद्धत आहे. उजेडात त्याचा ओठ हलकेच वर करावा. सुळे आणि पुढचे बारीक दात आले आहेत, पण मागच्या बाजूच्या हिरड्या अजून मोकळ्या आहेत किंवा तिथे दातांची नुसती टोके दिसतात, असे असल्यास पिल्लू चार-पाच आठवड्यांचे आहे. मागच्या दाढांसह दुधाचे अठ्ठावीस दात पूर्ण असतील, तर ते सात-आठ आठवड्यांचे आहे आणि तुमची निम्मी काळजी मिटली असे समजावे. पुढील सर्व सल्ला मी पहिली शक्यता धरून देत आहे.

आता परत देण्याविषयी. कुत्री जिवंत आहे, बाकीची पिल्ले तिला अजून लुचतात आणि सोयऱ्यांचे गाव जवळ आहे, अशा स्थितीत पिल्लू तीन-चार आठवड्यांसाठी आईकडे ठेवून पुन्हा आणणे हा खरोखर उत्तम मार्ग आहे आणि एरवी मी तोच सांगितला असता. परंतु तुमच्या पिल्लाला जुलाब होत आहेत. जुलाब संसर्गाचे असले तर ते पिल्लांच्या घोळक्यात परत सोडणे म्हणजे सगळ्या पिल्लांना धोक्यात घालणे होय. म्हणून आधी जुलाब थांबले पाहिजेत, आणि ते थांबून पिल्लू सावरेपर्यंत त्याचे दूध सुटण्याचे वय आपोआप होईल. माझे मत ठेवावे असे आहे. मात्र एक फोन सोयऱ्यांना आजच करावा आणि दोन गोष्टी विचाराव्यात. तिथले एखादे पिल्लू इतक्यात मेले काय, आणि त्या कुत्रीला एखाद्या पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतला होता काय किंवा तिचे वागणे अलीकडे बदलले आहे काय. या उत्तरांवर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

जुलाबांचे सर्वांत साधे कारण तुमच्या वाटीत आहे. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट प्रथिने आणि दुप्पट स्निग्धांश असतो, उलट दुधातली साखर गाईच्या दुधात जास्त असते. त्यामुळे गाईचे दूध भरपूर पाजले तरी पिल्लू उपाशी राहते आणि न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब करते. घरची माणसे दूध पातळ करून पाजतात, त्याने पोट थोडे शांत होते पण उपासमार वाढते. दूध हे विष नव्हे, वाटीभर अन्नात दोन चमचे चालते, पण या वयात ते मुख्य अन्न राहू नये.

चार-पाच आठवड्यांचे पिल्लू मऊ अन्न चाटून खाऊ शकते. मऊ शिजवलेल्या भातात फोडणी न दिलेले तुरीचे साधे वरण, त्यात कुस्करलेले अर्धे उकडलेले अंडे किंवा हाडे काढून बारीक केलेली उकडलेली कोंबडी, हे कोमट करून दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. ज्वारीची भाकर द्यायची तर ती पाण्यात किंवा ताकात पूर्ण भिजवून, मळून द्यावी. नुसत्या भाकर-दुधावर वाढलेली पिल्ले पोटाने मोठी आणि पायांनी वाकडी झालेली मी नेहमी पाहतो, कारण वाढत्या हाडांना आणि स्नायूंना लागणारे त्यात पुरेसे नसते. परवडत असेल तर तालुक्याच्या दुकानात मिळणारे लहान पिल्लांचे तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून निदान एक-दोन वेळा द्यावे. कांदा-लसूण घातलेले कालवण आणि घरचे तिखट त्याच्यापासून दूर ठेवावे, कारण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडे तर मुळीच देऊ नयेत. रविवारच्या रश्श्यातले हाड पिल्लाच्या पुढ्यात टाकण्याची हौस घरच्या पुरुषांना फार असते, तेवढी आवरायला सांगावी.

असे अन्न सुरू केल्यावर दोन दिवसांत शी घट्ट होऊ लागली आणि पिल्लू खेळते-खाते राहिले, तर चिंता नाही. परंतु जुलाबांचा एक प्रकार असा आहे की त्यात वाट पाहण्याला जागा नसते. पिल्लू अचानक अन्नावरून तोंड फिरवते, कोपऱ्यात पडून राहते, फेसाळ उलट्या करते आणि मग रक्तमिश्रित, अतिशय घाण वासाची पातळ शी करते. हा बहुधा पार्वो असतो. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि आता गावोगावच्या उकिरड्यांवर आहे. तो आतड्याचे अस्तर आणि रक्तातील पांढऱ्या पेशी या दोन्हींवर घाव घालतो, म्हणून पिल्लू अंगातील पाणी झपाट्याने गमावते आणि आतड्यातून रक्तात शिरलेल्या जंतूंशी लढायला त्याच्याकडे बळ उरत नाही. त्यावर थेट औषध नाही. शिरेतून सलाइन, उलटी थांबवणारे औषध आणि प्रतिजैविक देऊन त्याला काही दिवस तगवून धरणे हाच उपचार आहे, आणि तो पहिल्या दिवशी सुरू झाला तर पुष्कळ पिल्ले वाचतात. घरातल्या माणसांच्या गोळ्यांपैकी कोणतीही देऊ नये. तापाची पॅरासिटॅमॉल आणि अंगदुखीची डायक्लोफिनॅक या दोन गोळ्या प्रत्येक घरात असतात आणि दोन्ही पिल्लाच्या जिवावर बेतू शकतात.

पार्वोबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला वारंवार सांगावी लागते. तो विषाणू मातीत कित्येक महिने, सावलीच्या ओलसर जागी वर्षभरसुद्धा टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलने मरत नाही. गेल्या वर्षभरात तुमच्या अंगणात एखादे पिल्लू रक्ताची हगवण लागून मेले असेल, तर फरशी आणि ओटा आधी साबणाने धुऊन मग ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल पावडरच्या पाण्याने पुसून घ्यावा. मातीच्या अंगणाची अशी शुद्धी होत नाही, म्हणून लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला त्या भागात सोडू नये.

लसीकरणाची वेळ सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते. पहिली मात्रा, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, अशा रीतीने पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत द्यावे लागते. इतक्या मात्रा कशाला, असे सगळेच विचारतात. आईच्या चिकाबरोबर पिल्लात आलेली प्रतिकारशक्ती लसीलाही निकामी करते आणि ती कोणत्या आठवड्यात ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, त्यामुळे ती ओसरल्यावर निदान एक मात्रा नक्की लागू पडावी म्हणून ही मालिका आहे. एक टोचून थांबणाऱ्यांची पिल्ले चौथ्या महिन्यात पार्वोने येतात आणि लस खोटी होती असा बोल लागतो. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला द्यावी, पुढची मात्रा डॉक्टर सांगतील तेव्हा आणि नंतर दर वर्षी. जिल्हा परिषदेच्या गावपातळीवरील दवाखान्यात कुत्र्यांच्या लसी नेहमी असतातच असे नाही, म्हणून आधी विचारून जावे. औषधाच्या दुकानातून लस घेऊन जाण्याची वेळ आली, तर ती थर्मासमध्ये बर्फ घालूनच न्यावी. तिला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि खिशात घालून मोटारसायकलवर नेलेली लस टोचून उपयोग नसतो.

जंतांचे औषध मात्र लसीची वाट न पाहता याच आठवड्यात द्यावे. गोल जंत आईच्या पोटातूनच आणि नंतर दुधातून पिल्लात येतात, त्यामुळे घरचे स्वच्छ अन्न खाणारे पिल्लूही जंतांशिवाय नसते. पोट नगाऱ्यासारखे, पाय काटकुळे आणि केस राठ दिसत असतील तर जुलाबांमागे जंतही असू शकतात. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून पिल्लू पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्यावे आणि तो आकडा डॉक्टरांना सांगावा. औषध दर दोन आठवड्यांनी बारा आठवड्यांच्या वयापर्यंत आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा द्यावे लागते, कारण अंगात फिरणाऱ्या अळ्यांवर त्याचा असर होत नाही, त्या आतड्यात उतरल्यावर पुन्हा द्यावे लागते. या जंतांची अंडी मातीतून लेकरांच्या पोटात गेली तर त्यांनाही त्रास होतो. त्यामुळे शी खड्ड्यात पुरावी आणि लेकरांनी जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, एवढे कटाक्षाने पाळावे.

रात्रीच्या रडण्याकडे येतो. या दिवसांत आपल्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जातो आणि एवढे लहान पिल्लू एकटे असताना अंगाची ऊब नीट टिकवू शकत नाही. बांबूच्या टोपल्यात किंवा खोक्यात गोणपाट, त्यावर घरात वापरलेले जुने लुगडे घालावे. बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवावी, दुसरी कडा मोकळी सोडावी म्हणजे गरम वाटल्यास ते बाजूला सरकू शकेल. शेकोटीजवळ किंवा चुलीच्या राखेत त्याला निजू देऊ नये, भाजलेली पिल्ले दर हिवाळ्यात पाहायला मिळतात. टोपले सपरीत किंवा कोठ्यात न ठेवता पहिले काही दिवस घरातील एखाद्या मोठ्या माणसाच्या अंथरुणाशेजारी, हात पोहोचेल इतके जवळ ठेवावे. लाड करू नका, रडून रडून गप्प होईल, असा सल्ला तुम्हाला मिळेल. मी तो देत नाही, कारण एवढ्या वयाचे पिल्लू थकून गप्प होते, शिकून नव्हे, आणि भीती मात्र त्याच्या मनात बसते. आठ-दहा दिवसांत ते स्थिरावले की टोपले रोज थोडे दाराकडे सरकवावे.

रडण्याचे प्रकार ओळखू येऊ लागतील. गार पडलेले किंवा भुकेले पिल्लू बारीक आवाजात सतत कुईं-कुईं करते, तर एकटेपणाचे रडणे मोठे, लांबट असते आणि हात लावताच थांबते. झोपेतून उठून टोपल्यात गोल फिरत कुरकुरले, तर त्याला बाहेर जायचे आहे. अशा वेळी न बोलता, न खेळवता उचलून अंगणातील ठरलेल्या जागी न्यावे आणि काम झाले की परत आणून ठेवावे. दिवसाही उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याच जागी न्यावे आणि जमले की तिथल्या तिथे कौतुक करावे. घरात केल्यावर त्यात नाक घासणे निरर्थक आहे, त्यातून ते एवढेच शिकते की माणसासमोर करायचे नाही, आणि मग धान्याच्या पोत्यांमागे करू लागते. शेजारच्या आजींना सांगावे की पिल्लू आईच्या आठवणीने रडते. हे कारण त्यांना कोणत्याही शास्त्रापेक्षा लवकर पटते, आणि ते खरेही आहे.

चावण्याच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. पहिला सवयीचा आहे. लेकरू पळाले, ओरडले, पाय झटकला की पिल्लाला तो खेळ वाटतो. लेकरांना जागच्या जागी थांबायला, हात छातीशी घ्यायला आणि पिल्लाकडे पाठ करायला शिकवावे, कारण चावले की खेळ संपतो, हाच धडा भावंडे त्याला देत असतात. जुन्या कापडाला गाठ मारून ते ओले करून चघळायला द्यावे. मारू नये, तोंड दाबून धरू नये. घरात मोठे माणूस नसताना लेकरे आणि पिल्लू एकत्र सोडू नयेत, आणि ते खात किंवा निजत असताना तर अजिबात नाही.

दुसरा प्रश्न रेबीजचा आहे, आणि इथे मी कोणतीही सवलत देणार नाही. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसतो, हा समज चुकीचा आहे. आईची किंवा पिल्लाची लस झालेली नाही आणि तिच्याबद्दल नक्की माहिती नाही, अशा स्थितीत दाताने किंवा नखाने कातडी फाटली असेल, मग ओरखडा कितीही बारीक असो, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत असते. तिखट, चुना, हळद काहीही जखमेत भरू नये. गेल्या आठवडाभरात लेकरांना असा ओरखडा आला असेल, तर उशीर झाला म्हणून जाणे टाळू नये, आजच जावे. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळपास अशक्य असते, आणि वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

घराभोवतीचे धोके आपल्या भागाचे म्हणून वेगळे आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. जी औषधे धडधाकट माणसाला आडवी करतात, त्यांचा रिकामा डबा चाटणे पिल्लाला पुरेसे असते. फवारणी पंप, बाटल्या, पुडी लावलेले बियाणे आणि उंदरांचे औषध ते पोहोचणार नाही असे उंच ठेवावे. अचानक लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. सरकीच्या ढेपेचा धोका कमी लोकांना माहीत असतो. तिच्यातील गॉसिपॉल हा घटक मोठे गाई-बैल पचवून घेतात, पण कुत्र्याने ढेप रोज खाल्ली तर त्याचे हृदय कमजोर होते. कोठ्यातील ढेपेचे टोपले झाकून ठेवावे. गोचीड आणि पिसवा हाताने, फणीने काढून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. बैलांना लावायचे गोचिडाचे औषध आणि रॉकेल पिल्लाला लावू नये. आंघोळ सध्या नको, ओल्या फडक्याने पुसले तरी चालेल.

शेवटी मामाजींचे, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचे, म्हणणे. शेत राखणारा कुत्रा हवा, ही गरज खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही. परंतु टिपेश्वरच्या जंगलालगतच्या पट्ट्यात रात्री शेतावर बांधलेले पिल्लू राखण करत नाही, ते बिबट्याचे आमिष ठरते. कुत्रे हे बिबट्याचे नेहमीचे खाद्य आहे आणि बांधलेल्या पिल्लाला पळताही येत नाही. शिवाय थंडी, लस नसणे आणि कुंपणाच्या तारांत सोडलेला करंट आहेच. राखणीची जाण आणि परक्यावर भुंकण्याचा आवेश कुत्र्याला वर्षभराच्या आसपास, मोठा होताना येतो. लहानपणी बांधून ठेवल्याने तो आधी येत नाही, उलट घाबरट आणि वाट्टेल त्याला चावणारे जनावर तयार होते. मोठ्या कुत्र्याकडूनही भुंकून माणसाला जागे करण्याची अपेक्षा ठेवावी, रानडुकराशी झुंजण्याची नव्हे.

मामाजींना आता करता येईल असे एक काम आहे आणि ते त्यांनीच करावे. तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लू जे निर्धास्तपणे पाहते, त्याची भीती त्याला पुढे वाटत नाही. लस पूर्ण होईपर्यंत उकिरडा, मटणाचे दुकान आणि जिथे गावकुत्री जमतात त्या जागी त्याला खाली ठेवू नये, पण मांडीवर किंवा खांद्यावर घेऊन बैलजोडी, ट्रॅक्टर, मळणी यंत्राचा आवाज, डोक्यावर भारा घेतलेली बाई, काठी टेकत येणारा म्हातारा हे सगळे लांबून, रोज थोडा वेळ दाखवावे. दिवसा शेतावर नेऊन संध्याकाळी सोबत परत आणावे. धुऱ्यावर आणि बंडीत मामाजींच्या मांडीवर बसून वाढलेले पिल्लू पुढच्या वर्षी तुरीला शेंगा धरतील तेव्हा त्यांच्यासोबत जागलीला जाण्याजोगे झालेले असेल.

या आठवड्यात करायचे ते इतकेच : सोयऱ्यांना फोन, लेकरांच्या पायांची नीट पाहणी, दुधाऐवजी मऊ अन्न, वजन करून जंतांचे औषध आणि पहिल्या लसीची तारीख. उलटी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसले तर पुढचा निरोप पाठवण्यात वेळ न घालवता पिल्लू फडक्यात गुंडाळून थेट दवाखान्यात न्यावे.